‘हवा कमी ठेवा, पंक्चर टळेल’ : मुलांच्या सायकलींविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

मुलांच्या सायकलींबद्दलचा एक सल्ला पालकांमध्ये सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : मुलांचे वजन कमी असल्यामुळे टायरमध्ये हवा कमीच ठेवावी, म्हणजे मऊ टायर काट्यावरून अलगद जाईल, ट्यूबमध्ये एकदा सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरले की पंक्चरची कटकट कायमची मिटते, जुनी ट्यूब कापून टायरच्या आत अस्तर घालावे, नाहीतर भरीव टायर बसवावेत, आणि तरीही पंक्चर होतच राहिले तर ट्यूब बदलून टाकावी. या साऱ्यामागे एकच गृहीतक आहे, ते म्हणजे पंक्चर बाहेरून काही टोचल्यानेच होते.

यातला हवेचा मुद्दा सर्वांत घातक आहे. टायरमध्ये पुरेशी हवा नसेल, तर पायरीच्या किंवा खड्ड्याच्या कडेवर आपटताच तो पूर्ण चेपतो, ट्यूब त्या कडेच्या आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात. आणि पायरीवरून सायकल धाडकन उतरवणे हा तर मुलांचा आवडता उद्योग. शिवाय मऊ टायर ब्रेक लावताना रिमवर सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि ती व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते, जिथे पॅच क्वचितच टिकतो. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला, तर हीच ओढाताण सुरू झाली आहे असे समजावे.

वजनाच्या युक्तिवादात तथ्य आहे, पण मर्यादित. टायरच्या बाजूवर दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड, या एककात) छापलेला असतो. तिथे 40 ते 65 असे लिहिले असेल, तर हलक्या मुलासाठी 40 च्या आसपासचा दाब पुरतो, मात्र त्याखाली जाऊ नये. रबरी ट्यूबमधून हवा आपोआप, अतिशय सावकाश झिरपत असते आणि लहान चाकात मुळात हवाच थोडी मावत असल्यामुळे तिथला दाब लवकर उतरतो. म्हणून काही आठवडे नुसती उभी असलेली सायकल पंक्चर न होताही मऊ पडते. अंगठ्याने दाबून घेतलेला अंदाज फसवा असतो, तेव्हा दाबमापक असलेला पंप वापरावा. मोटारीसाठीच्या कॉम्प्रेसरने मात्र एवढीशी ट्यूब काही क्षणांत फुटू शकते.

सीलंट टायरच्या धावत्या भागावरची बारीक छिद्रे बुजवते, हे खरे आहे. परंतु चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला फेकले जात असल्यामुळे रिमकडच्या छिद्रापर्यंत ते नीट पोहोचतच नाही. चिमटल्याने पडलेल्या चिरा आणि फाटलेला व्हॉल्व्ह यांपुढेही ते बहुधा हतबल ठरते. काही महिन्यांत बरीचशी सीलंटे सुकतात, त्यामुळे ‘कायमची’ हा शब्द निव्वळ जाहिरातीचा आहे.

जुन्या ट्यूबच्या अस्तराने थोडा आडोसा मिळतो, पण त्याच्या कापलेल्या कडा नव्या ट्यूबला घासून तिलाच भोक पाडू शकतात.

भरीव टायरला पंक्चर होत नाही, हे निर्विवाद आहे, आणि पेडल नसलेल्या चिमुकल्या सायकलींना फोमचे टायर शोभतातही. पेडलच्या सायकलीवर मात्र प्रत्येक हादरा थेट मुलाच्या हातांपर्यंत पोहोचतो. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये पेटंट घेतलेला हवेचा टायर मुळात आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीच बनवला होता, कारण तिच्या भरीव टायरांवर ती फार खडखडत असे. आपण मुलांना पुन्हा तिथेच का न्यावे?

राहिला ट्यूब बदलण्याचा मुद्दा. कारण न शोधता बसवलेली नवी ट्यूबही जुनीच्याच वाटेने जाते. ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करावी, मग ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधावे आणि खुणेपासून तेवढ्याच अंतरावर टायर तपासावा. छिद्र बाहेरच्या बाजूला असेल, तर काच किंवा काटा बहुधा तिथेच रुतलेला सापडतो. तो शोधताना आतून बोटांऐवजी फडके फिरवावे. छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर आऱ्यांची टोके झाकणारी रिमवरची पट्टी सरकली किंवा फाटली आहे का, ते पाहावे. आणि टायर पुन्हा चढवताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. त्याच्या टोकाने नवी ट्यूब बसवतानाच भोसकली जाते.