ऑरगॅनिक म्हणजे 'शून्य फवारणी' नाही, जरा नीट वाचा

सगळीकडे फिरतंय ना, की ऑरगॅनिक म्हणजे कसलीच फवारणी नाही, ते तसं नाहीये. रासायनिक खतं आणि बहुतेक सगळी कृत्रिम कीटकनाशकं बंद असतात हे खरं, पण कडुनिंबाचा अर्क, पायरेथ्रिन (शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून मिळणारं कीटकनाशक), तांब्याची संयुगं अशी काही औषधं नियमात बसतात, आणि तांबं तर मातीत साठत जातं म्हणून युरोपात त्यावर हेक्टरी मर्यादा घातलीये. त्यामुळे ऑरगॅनिक फळं-भाज्या घरी आणल्या की धुवाच. मी स्वतः शक्य तिथे ऑरगॅनिकच घेते, मातीसाठी आणि शेतात राबणाऱ्यांच्या तब्येतीसाठी. पण मजुराला नीट पैसे मिळाले का हे त्या लेबलवरून कळत नाही हो, त्यासाठी फेअरट्रेडसारखं वेगळं सर्टिफिकेट बघावं लागतं, आणि हेच कुणी सांगत नाही.