रॅप्चर आपल्या वाडीत कुठून आलं?

2025 च्या सप्टेंबरात वसईच्या आमच्या ख्रिस्ती नातेवाइकांच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने सांगितलं की 23 नाहीतर 24 तारखेला रॅप्चर होणार, विश्वासू लोक आकाशात उचलले जाणार आणि बाकीचे खाली हाल भोगणार. ते टिकटॉकवर पेटलं, इकडे अमेरिकेत कोणी नोकरी सोडल्याचं तर कोणी गाडी विकल्याचं सांगायला लागलं, तिथून रील होऊन ते आमच्या ग्रुपवर, आणि माझा चुलतभाऊ अगदी मनापासून लिहितो की आपले फादर हे कधी सांगतच नाहीत, खरं बायबल अमेरिकेतल्या पास्टरांकडे आहे. तोच रील शाळेच्या ग्रुपवर गेला तर तिथे एकाने लिहिलं, तुमच्यात पहिल्यापासून हेच, जग संपायची वाट बघत बसायचं, आमच्याकडे युगं फिरत राहतात. मला दोघांचाही राग आला. दोघंही एकाच गोष्टीला ख्रिस्ती धर्म समजतायत, आणि ती गोष्ट मी राहतो त्या देशात वाढलेली आहे.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. रॅप्चर झालं तर ही गाडी बिनड्रायव्हरची असेल असे स्टिकर इथे ट्रकवर असतात, त्यामुळे विषय मला नवा नाही. चर्चने अठराशे वर्षं शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं ते साधारण असं की ख्रिस्त येणार, मेलेले उठणार, आणि सगळ्यांचा, अगदी सगळ्यांचा न्याय होणार. संकटाच्या आधी चांगल्या लोकांना गुपचूप उचलून नेणार हे 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या आयरिश धर्मोपदेशकाने मांडलं आणि लोकांपर्यंत नेलं. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांच्या पत्रात पौलाची मेघांमध्ये घेतले जाण्याची ओळ आहे, तिच्यावर पुढची सगळी इमारत. मग 1909 मध्ये स्कोफिल्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाने बायबलच्या पानाखाली तळटिपा घालून हेच छापलं, आणि इथल्या लोकांनी तळटीप आणि वचन यातला फरकच सोडून दिला. 1948 ला इस्राएल झालं, अणुबॉम्ब आले, प्रत्येक बातमी बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाशी जुळवायची सवय लागली, 1995 पासून त्यावर कादंबऱ्यांची मालिका निघाली ती कोट्यवधी खपली. तारखा तर त्याच्याही आधीपासून. विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाच्या हजारो लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ची रात्र जागून काढली, 2011 मध्ये 21 मे ची होर्डिंग हायवेवर होती. आणि मत्तयाच्या 24 व्या अध्यायात येशूच सांगतो की तो दिवस पित्याशिवाय कोणालाही माहीत नाही. चुलतभावाला मी हेच लिहिलं, त्याने उत्तरादाखल दुसरा रील पाठवला.

पण मला जास्त लागतं ते पुढचं. इथे ज्यांचा देवावर विश्वास नाही तेही याच गोष्टीत राहतात, फक्त त्यातून देव काढून टाकलाय. अणुशास्त्रज्ञांच्या मासिकाने 1947 मध्ये प्रलयाचं घड्याळ सुरू केलं, 2025 च्या जानेवारीत ते मध्यरात्रीला 89 सेकंद कमी इथवर आणलं. सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, 2011 मध्ये झॉम्बी आले तर काय तयारी ठेवायची ते लिहिलं, लोकांना वादळाची तयारी शिकवायला. कॅन्ससमध्ये मिसाइल ठेवायच्या जुन्या सायलोत फ्लॅट बांधून विकलेत. कॉस्टको या मोठ्या दुकानात पंचवीस वर्षं टिकणारं जेवण बादलीत मिळतं. या सगळ्यात भीती जुनीच आहे, निवडक लोक वाचणार आणि बाकीचे मरणार हेही तसंच आहे, नाहीसा झालाय तो न्याय. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या दिवशी एवढंच विचारलं जातं की भुकेल्याला खायला दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का. सायलोच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न विचारायची सोयच नाही.

आणि आपल्याकडे हे नव्हतं म्हणणाऱ्यांनी जरा आठवावं. 1896 च्या प्लेगात वांद्र्याला गल्लीगल्लीत क्रूस उभे राहिले. लोकांना तेव्हा जग संपल्यासारखंच वाटलं असणार, पण क्रूस सगळ्यांच्या वाटेवर उभा केला, कोणी आपल्यापुरता खड्डा खणून आत बसलं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल लिहिलं, त्यात प्रकटीकरण आहेच की, आणि तेच दिब्रिटो हरित वसईसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी टँकरवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. जगाचा शेवट मानणारा माणूस केळीच्या वाड्या वाचवायला का उतरतो याचा विचार चुलतभावानेही करावा आणि शाळेतल्या मित्रानेही. फादरांनी हे दडवून ठेवलंय म्हणे! आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारचं बायबलवाचन दरवर्षी याच विषयावर असतं, मिस्साला वेळेवर गेलं तर ऐकू येतं.

मित्राच्या युगांबद्दल एकच सांगतो. कलियुगाच्या शेवटी कल्की पांढऱ्या घोड्यावर येतो, प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातही पांढऱ्या घोड्यावरचाच स्वार आहे. अन्यायाचा हिशोब कधीतरी होणार ही आशा दोघांची आहे, तिला हसू नये.

मला हेही सांगितलं पाहिजे की 2021 च्या फेब्रुवारीत इथे बर्फ पडला, टेक्सासमध्ये 45 लाखांच्या आसपास घरं-दुकानांची लाईट गेली, पाइप फुटले, तेव्हा आमच्या दारात पहिला आला तो त्या स्टिकरवालाच शेजारी. प्रोपेनची शेगडी घेऊन आला, मुलांना त्याच्या घरी झोपायला नेलं. त्याचं रॅप्चर मला मान्य नाही, पण पंचविसाव्या अध्यायाचा प्रश्न त्याला कोणी विचारला तर तो पास आहे. मग मी कोणाशी भांडतोय असं कधी कधी वाटतं.

कारण खरं बोलायचं तर उचलला गेलेला मीच आहे. जुलै 2018 मध्ये वसई पाण्यात होती, ट्रेन बंद, लाईट नाही, चुलतभावाच्या घरात गुडघाभर पाणी, नाले आणि मिठागरांच्या जागा बुजवून वर टॉवर उभे केलेले, पाणी जाणार कुठे, आणि मी इथे कोरड्या ऑफिसात बसून ग्रुपवर काळजी घ्या लिहीत होतो. खाली राहिलेले ते. त्यांना वर उचलून नेणारा देव आवडायला लागला तर त्यांना शहाणपण शिकवायचा मला किती हक्क आहे, माहीत नाही. तरी मी शिकवणार, कारण त्या रीलमधल्या देवाला बावखल, म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, आणि केळीची बाग वाचवायची नाहीये, आणि ती तर त्यांनीच सांभाळलीये.

आम्ही शरीराचं पुनरुत्थान मानतो, म्हणजे शेवटच्या दिवशी माणूस पुरलेल्या जागेवरून उठणार, निदान मी लहानपणापासून तसंच समजत आलोय. म्हणून कबर कुठे हा प्रश्न माझ्यासाठी मोठा आहे. मला आजी-आजोबांच्या शेजारी उठायचंय, जिथे सगळे एकमेकांना घराण्याच्या नावाने ओळखतात. बायकोला विचारलं तर ती म्हणते मुलं इथे राहणार, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावायला त्यांना वसईला जायला सुट्टी कोण देणार. ती बरोबर बोलते, पण इथल्या सिमेट्रीतला प्लॉट घ्यायला माझा अजून पाय उचलत नाही.