बाळ गमावलेल्या आईला काहीच विचारू नये, या समजुतीला उत्तर

मुंबईतल्या कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. त्याचा आशय असा की, बाळ पोटात किंवा जन्मताच गेले तर ते आईला दाखवू नये, घरच्या पुरुषांनी लगेच घेऊन जावे, कारण जे पाहिलेच नाही ते आई लवकर विसरते. दुसरे मूल झाले की दुःख संपते. आणि अशा वेळी रुग्णालयाने समुपदेशन वगैरे करणे ही परदेशी पद्धत असून आपल्या गर्दीच्या इस्पितळांना ती जमणारी नाही. हा मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. अकरा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंनी याच समजुतीने, मी भुलीतून पुरती बाहेर येण्याआधी, माझ्या वतीने निर्णय घेतला होता. तरीही या विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान विसरण्याचे. चौतिसाव्या आठवड्यात जिचे ठोके थांबले त्या माझ्या मुलीला मी पाहिले नाही, म्हणून मी तिला विसरले नाही. तिचा चेहरा कसा असेल हे मात्र कित्येक वर्षे मनाशी जुळवत राहिले. माझा एकटीचा अनुभव हा पुरावा नव्हे, म्हणून विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही सांगते. २००२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ मातांचा एक ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत बाळाला कुशीत घेतलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या गरोदरपणात नैराश्य अधिक असल्याचे त्यात आढळले, आणि त्यामुळे तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २००७ मध्ये या प्रथेला सरसकट प्रोत्साहन देऊ नये असे म्हटले. अभ्यास लहान होता आणि बाळ गमावलेल्या पालकांनी त्या सूचनांना हरकत घेतली. २०१४ च्या सुधारित सूचनांनुसार बाळाला पाहणे, कुशीत घेणे, छायाचित्र किंवा आठवणीची वस्तू ठेवणे हे सगळे पर्याय जाणत्या व्यक्तीने आईवडिलांपुढे मांडायचे असतात. थोडक्यात, बाळ दाखवलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. आईला विचारावे, आणि तिने एकदा नको म्हटले तर काही तासांनी पुन्हा हळुवारपणे विचारावे, एवढेच अपेक्षित आहे. नको म्हणणाऱ्या आईचे म्हणणेही तितकेच मानले पाहिजे.

घाईचा आणखी एक तोटा या मजकुरात येतच नाही. बाळ का गेले हे कळण्यासाठी वारेची (प्लासेंटाची) तपासणी, आईच्या रक्ताच्या चाचण्या आणि पालकांची संमती असेल तर शवविच्छेदन, हे मार्ग असतात. परंतु वार पहिल्या तासाभरात टाकून दिली गेली तर तो मार्ग कायमचा बंद होतो. दुसऱ्या मुलाचा विचार करा असे सांगणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पुढच्या खेपेला काय सांभाळायचे हे बहुतेकदा याच तपासण्या सांगतात. दुसरे मूल पहिल्याची जागा भरून काढते, या म्हणण्यावर मी अधिक लिहीत नाही. मला आता एक मुलगा आहे आणि त्याला एक मोठी बहीण होती.

काही घडलेच नाही असे वागा, हा सल्ला तर आपल्या कायद्यालाही मान्य नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात ‘जन्म’ या शब्दाच्या व्याख्येतच मृतजन्माचा समावेश आहे, त्यामुळे त्याची नोंद करणे बंधनकारक ठरते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेही ‘मूल’ म्हणताना मृत जन्मलेले मूल धरले आणि गर्भपाताच्या सहा आठवड्यांच्या रजेची मर्यादा गरोदरपणाच्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच ठेवली; म्हणजे त्यानंतरचा मृतजन्म कायद्याच्या लेखी बाळंतपणच ठरतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी ६० दिवसांची विशेष रजा दिली. रुग्णालयातून निघताना हे कोणी सांगत नाही, आणि सुन्न झालेला बाप कागदांवर सह्या करत सुटतो. त्यालाही कोणी बसवून दोन शब्द विचारलेले नसतात.

राहिला परदेशीपणाचा आणि गर्दीचा मुद्दा. रुग्णाच्या मनाची आणि घराची चौकशी करणारा वैद्यकीय समाजसेवक भारतात प्रथम नेमला गेला तो १९४६ साली, आपल्याच जे. जे. रुग्णालयात. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे मुंबईच्या अत्यंत गजबजलेल्या पालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण बाळ गेले तरी दोन-चार दिवसांत आईला दूध येते आणि याची पूर्वसूचना तिला क्वचितच मिळते. मला ती मिळाली नव्हती. तिसऱ्या रात्री पदर भिजला तेव्हा मला वाटले की आपल्या शरीराला अजून काही कळलेलेच नाही. दूध थांबवण्याचे औषध असते, मात्र रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला ते सहसा देत नाहीत; काही माता दूध आटेपर्यंत थोडे थोडे काढतात, आणि ज्यांना इच्छा असते त्या ते दानही करू शकतात. यांतले काय करायचे हे आईने ठरवावे, पण त्यासाठी कोणीतरी तिला पाच मिनिटे देऊन हे समजावले पाहिजे.

गर्दी खरी आहे आणि परिचारिकांवरचा भारही खरा आहे. परंतु आईची खाट पाळण्यांपासून दूरच्या कोपऱ्यात हलवायला नवी इमारत लागत नाही, आणि केसपेपरच्या पहिल्याच पानावर ‘बाळ दगावले आहे’ असे ठळक लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ माझ्या कागदावर नव्हती. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणीला गेले असता खिडकीपाशी बसलेल्या सिस्टरांनी वर न बघता मला विचारले, “बाळाला आणलं नाही का? लसीचं कार्ड द्या.”