सही स्टोअरकीपरची, खोटे कोणाचे?

मामांचा दावा संपला, भांडण मात्र संपलेले नाही. यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा करार होता. शेवटच्या तीन खेपा पोचल्याच नाहीत असे सांगून समोरच्या कंपनीने पैसे अडवले, आणि त्या तारखांना फाटकातून असा कोणताही माल आत आला नाही, असे शपथपत्र कंपनीच्या स्टोअरकीपरने दिले. उलटतपासणीत त्याच्यासमोर डिलिव्हरी चलन ठेवण्यात आले. त्यावर कंपनीचा शिक्का होता आणि शिक्क्याला चिकटून त्याची सही होती. सही माझी नाही, असे तो शपथेवर म्हणाला. पुढे न्यायालयाने कंपनीचीच आवक नोंदवही मागवली, तेव्हा तिच्यात त्याच तीन तारखा, तेच चलन क्रमांक आणि तीच सही निघाली. निकाल व्याजासह मामांच्या बाजूने लागला. साक्षीदाराविषयी निकालपत्रात एवढेच लिहिले आहे, की त्याची साक्ष विश्वासार्ह नाही.

त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरावा म्हणून मामांनी अर्ज दिला आहे आणि त्या अर्जावर तारखा पडत आहेत. मागच्या आठवड्यात फोनवर ते म्हणाले, "तुमच्याकडे असं झालं असतं तर हा माणूस आज गजाआड असता. आपल्याकडे शपथेला काही किंमतच उरली नाही बघ." वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला पटतो, पहिला पटत नाही. इंग्लंडमध्ये माझी एकोणीस वर्षे झाली आहेत, आणि तिकडे खोटे बोलले की थेट तुरुंग, ही समजूत मायदेशाहून येणाऱ्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये मी ऐकतो. या समजुतीमुळे आपण चुकीच्या जागी उपाय शोधत राहतो, म्हणून मामांना फोनवर जे नीट सांगता आले नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे.

शिक्षेपासूनच सुरुवात करू. इंग्लंडमध्ये आजही १९११ चा पर्जरी ॲक्ट लागू आहे आणि न्यायालयीन कामकाजात शपथेवर जाणूनबुजून खोटे बोलण्याला त्यात जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खालीही न्यायालयीन कामकाजातील खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंतच कैद आहे, शिवाय दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कागदावर दोन्ही देशांचा धाक सारखाच आहे. तेव्हा शिक्षा वाढवा, दहा वर्षे करा, ही आपल्याकडची मागणी ऐकायला बरी वाटली तरी तिने काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

दिवाणी दाव्यातल्या खोट्यापायी तुरुंगात गेलेल्या इंग्रज माणसांची जी दोन नावे आपल्याकडेही माहीत आहेत, त्यांच्याकडे पाहावे. माजी मंत्री जोनाथन एटकिन यांना १९९९ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कादंबरीकार आणि राजकारणी जेफ्री आर्चर यांना २००१ मध्ये चार वर्षांची झाली, आणि ज्या अब्रुनुकसानीच्या दाव्यातल्या वर्तनाबद्दल ती झाली तो दावा त्यांनी १९८७ मध्ये जिंकून पाच लाख पौंड भरपाई मिळवली होती. म्हणजे चौदा वर्षे गेली. शिवाय हे दोघेही स्वतः दाव्याचे पक्षकार होते आणि सार्वजनिक जीवनातली मोठी माणसे होती. करारभंगाच्या रोजच्या दाव्यात कंपनीच्या नोकरीतला साक्षीदार खोटा ठरला, तर त्याच्यावर तिकडेही सहसा खटला भरला जात नाही. खटला उभा राहिलाच तरी १९११ च्या त्याच कायद्याचे कलम १३ सांगते, की विधान खोटे होते हे केवळ एका साक्षीदाराच्या शब्दावर सिद्ध धरून कोणाला दोषी ठरवता येणार नाही.

मग तिकडे शपथेला वजन कुठून येते? माझ्या अनुभवापुरते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होतो तिचा एका पुरवठादाराशी करारावरून वाद झाला आणि मला साक्षीदार व्हावे लागले. माझ्या साक्षीचे लेखी निवेदन तयार करायला वकीलबाई दोन दिवस माझ्यासमोर बसल्या होत्या. मी सांगितले होते, की काम वेळेत होणार नाही हे पुरवठादाराला मार्चमध्येच ठाऊक होते. त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "त्यांना ठाऊक होते, हे तुम्हाला कसे ठाऊक?" मला ते एका सहकाऱ्याने सांगितले होते. वाक्य खोडले गेले. त्याच्या जागी, मार्चच्या बैठकीनंतर अमुक सहकाऱ्याने मला असे सांगितले, एवढेच राहिले, आणि त्या एका बदलाने आमच्या बाजूचा एक चांगला मुद्दा निम्म्यावर आला. तरीही त्या हटल्या नाहीत.

हा त्यांचा एकटीचा सज्जनपणा नव्हता. व्यापारी दावे चालवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या शाखांमध्ये ६ एप्रिल २०२१ पासून नियमच असा आहे, की निवेदन साक्षीदाराच्या शब्दांत असावे, आठवण ताजी करायला त्याला कोणती कागदपत्रे दाखवली त्यांची यादी जोडावी, आणि नियम पाळल्याचे प्रमाणपत्र वकिलानेही स्वतःच्या सहीने द्यावे. २०२० पासून निवेदन साक्षीदाराच्या स्वतःच्या भाषेत लिहावे लागते. मराठी माणूस मराठीतच साक्ष देऊ शकत असेल तर लंडनच्या न्यायालयात त्याचे मूळ निवेदन मराठीत हवे, सोबत इंग्रजी भाषांतर. हे वाचले तेव्हा मला मामांच्या दाव्यातले स्टोअरकीपरचे शपथपत्र आठवले. मराठीखेरीज दुसरी भाषा धड न येणाऱ्या त्या माणसाचे शपथपत्र नऊ पानांचे आणि इंग्रजीत होते.

आपल्याकडे दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने द्यायची मूळ साक्ष, शपथपत्रावर घेण्याची पद्धत २००२ च्या दुरुस्तीने सार्वत्रिक झाली. हेतू वेळ वाचवण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण त्याआधी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून निदान स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगत असे. आता ती वकिलाच्या कचेरीत टाइप होते, साक्षीदार जिथे बोट दाखवले जाईल तिथे सही करतो, आणि "माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे" ही ओळ छापील असल्यासारखी शेवटी येते. ज्या शपथेचा मजकूर शपथ घेणाऱ्याने वाचलेलाही नाही ती मोडल्याचे त्याला काही वाटावे, ही अपेक्षा मला ओढूनताणून केलेली वाटते. सगळेच वकील असे करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण असे करणाऱ्याला खरोखर अडवणारी तरतूद आपल्याकडे जवळजवळ नाही, आणि खरा फरक तिथे आहे.

दुसरा फरक पैशाचा. करारासंबंधीच्या एका गाजलेल्या इंग्रज दाव्यात हे लख्ख दिसले. बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने ईडीएस या संगणक कंपनीवर दावा लावला होता, आणि ईडीएसचा एक महत्त्वाचा साक्षीदार आपण अमुक महाविद्यालयातून एमबीए केले, तिथे वर्गांना बसलो, असे शपथेवर सांगत होता. समोरच्या वकिलाने त्याच महाविद्यालयाकडून इंटरनेटवरून लुलू नावाच्या कुत्रीसाठी पदवी मिळवली, आणि तिचे गुण साक्षीदारापेक्षा जास्त निघाले. जानेवारी २०१० च्या निकालात न्यायाधीशांनी त्या साक्षीदाराची विश्वासार्हता शिल्लकच ठेवली नाही. पुढे ३१८ दशलक्ष पौंडांवर तडजोड झाली. खोट्याची किंमत त्याच दाव्यात चुकवावी लागली, आणि ती प्रामुख्याने ज्याच्या फायद्यासाठी साक्षीदार उभा होता त्या कंपनीला चुकवावी लागली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दलच्या भरपाईला कलम ३५अ ने तीन हजार रुपयांची मर्यादा घातलेली आहे. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती ती काढून टाकली, ही खरोखर मोठी सुधारणा होती, पण खर्चाचे आदेश लिहिताना आपल्या न्यायालयांचा हात अजून आखडता असतो.

आता मामांच्या अर्जाकडे येतो. असा अर्ज ज्याखाली करतात ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ३४० हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३७९ झाले. या गुन्ह्याची फिर्याद पक्षकाराला थेट करता येत नाही. ज्या न्यायालयापुढे खोटे बोलले गेले त्याने, किंवा त्याच्या वरच्या न्यायालयाने, लेखी फिर्याद करावी लागते. मामांना ही अट जाचते. चोर माझ्या घरात शिरला तर मी पोलिसांत जाऊ शकतो, मग खोटा साक्षीदार माझे पैसे बुडवत असताना मी हात बांधून का बसायचे, असे ते विचारतात. उत्तर असे, की हा गुन्हा मामांविरुद्ध नसून न्यायालयाविरुद्ध आहे. इक्बालसिंग मारवाह प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच सांगितले: फिर्याद करणे न्यायहिताचे आहे का, हे ठरवताना व्यक्तीचे किती नुकसान झाले यापेक्षा न्यायदानावर काय परिणाम झाला ते पाहायचे. हरलेल्या प्रत्येकाला जिंकलेल्याच्या साक्षीदारांवर सरळ खटला भरता आला असता, तर साक्षीला कोणी उभेच राहिले नसते. इंग्लंडमध्येही खोट्या निवेदनाबद्दल न्यायालयाच्या अवमानाची कारवाई चालवायला पक्षकाराला सहसा न्यायालयाची परवानगी लागते.

दरवाजावर न्यायाधीश हवा, हे मला मान्य आहे. तो दरवाजा वर्षानुवर्षे उघडतही नाही आणि बंदही होत नाही, हे मान्य नाही. साक्षीदार खोटे बोलतो हे न्यायाधीशाला कळते, तरी फिर्याद करायची त्याची तयारी नसते, अशी खंत सर्वोच्च न्यायालयानेच २००० साली स्वरणसिंग प्रकरणात नोंदवली होती. फिर्याद करण्याआधी प्राथमिक चौकशी प्रत्येक वेळी सक्तीची नाही, हेही २०२२ मध्ये स्पष्ट झाले. ज्या न्यायाधीशांनी नोंदवही स्वतः पाहिली त्यांनी निकालाबरोबरच दोन परिच्छेद लिहून फिर्याद करतो किंवा करत नाही आणि का, हे सांगितले असते तर ते काम एका दुपारचे होते. आता न्यायाधीश बदलले आहेत आणि नव्या न्यायाधीशांना सगळी फाइल पहिल्यापासून वाचावी लागणार आहे.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. अर्ज मंजूर झाला तर आरोपी कोण होईल? अर्जात नाव आहे ते एकट्या स्टोअरकीपरचे. माल आला नव्हता असे म्हटल्याने त्याचा एक पैशाचाही फायदा झालेला नाही. लाखो रुपये वाचणार होते ते कंपनीच्या मालकाचे, आणि त्यानेच नेमलेल्या वकिलाच्या कचेरीत ती नऊ पाने तयार झाली. इंग्लंडमध्ये निवेदनाच्या शेवटी जोडायच्या सत्यकथनाच्या ठरीव मजकुरात २०२० पासून एक वाक्य आहे: खोटे विधान जो करेल किंवा जो करवून घेईल, त्या कोणावरही अवमानाची कारवाई होऊ शकते. पर्जरी ॲक्टच्या कलम ७ मध्ये तर खोटी साक्ष द्यायला लावणारा प्रत्यक्ष गुन्हेगाराइतकाच दोषी धरला आहे. आपल्याकडेही चिथावणी हा गुन्हा आहेच. स्टोअरकीपरने सहीच्या बाबतीत पिंजऱ्यात स्वतःच्या तोंडाने खोटे सांगितले, त्याची जबाबदारी त्याच्यावर राहणारच आणि राहिली पाहिजे. पण नोकरी टिकवण्यासाठी सही करणारा तुरुंगात आणि सही करायला लावणारा पुढच्या दाव्यात दुसऱ्या कोणाचे तरी शपथपत्र घेऊन हजर, असा निकाल लागला तर त्याला मी न्याय म्हणू शकणार नाही.

म्हणून मामांना मी काल पुन्हा फोन केला. अर्ज मागे घ्या असे मी म्हणालो नाही, तो चालवावाच. फक्त वकिलांशी बोलून त्यात दुरुस्ती करा, मामा, असे म्हणालो. शपथपत्र कोणाच्या सांगण्यावरून तयार झाले, ते स्टोअरकीपरला मराठीत वाचून दाखवले होते का, आणि ज्यांच्या ताब्यात ती आवक नोंदवही होती त्यांनी ती आधी का आणली नाही, याची चौकशी न्यायालयाने करावी, अशी मागणी त्यात घाला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा वर्षं आमचा माल तोच उतरवून घ्यायचा. चहा पाजायचा आमच्या ड्रायव्हरला." पुढची तारीख सतरा तारखेची आहे, त्याआधी वकिलांना भेटतो असे त्यांनी सांगितले आहे.