जनावराचे औषध गिधाडाच्या पोटात जाते, हे परवाना देतानाच पाहा

कासदाहाने तळमळणाऱ्या गाईला किंवा लंगडणाऱ्या बैलाला वेदनाशामक देऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र त्या औषधाचा परिणाम जनावरापाशी संपत नाही, याचा विचार परवाना देण्यापूर्वीच व्हायला हवा.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गुरांची सूज उतरते, माणसालाही गुण येतो. पण इंजेक्शन दिलेले जनावर एक-दोन दिवसांत दगावले आणि गावाबाहेर ओढून टाकले, तर मांसात उरलेला अल्पसा अंशही गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करतो. पक्ष्यांच्या शरीरातील नायट्रोजनयुक्त कचरा युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो; मूत्रपिंडे बंद पडली की ते आम्ल रक्तात साचते, हृदयावर आणि यकृतावर त्याचे खडूसारखे पांढरे थर चढतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून २००४ साली हे कारण उघड झाले, तोवर आपल्याकडील पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. अँथ्रॅक्सने मेलेले जनावरही ज्याच्या जठरातील तीव्र आम्ल पचवते, तो पक्षी आपल्या एका वेदनाशामकाने संपत आला, याचे मला अतोनात दुःख होते.

केंद्र सरकारने २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित व्हायला २०१५ उजाडले. ॲसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचे गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनते, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले होते. त्यावर आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकावर गुरांसाठी बंदी आली २०२३ मध्ये. निमेसुलाईडची पाळी २०२४ च्या अखेरीस आली. दर वेळी आधी गिधाडे मरायची आणि मग कागद हलायचे, हा क्रम मला मान्य नाही. गुरांसाठीचे प्रत्येक नवे वेदनाशामक गिधाडांना अपायकारक नाही, हे कंपनीने विक्रीपूर्वीच सिद्ध करावे.

मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे आणि बाजारात मिळते. रायगड आणि गडचिरोलीत जिथे गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवली जातात, तिथल्या पशुपालकांनी पशुवैद्यकाकडे तेच मागावे, आणि मरणापूर्वीच्या आठवड्यात दुसरे कोणतेही वेदनाशामक टोचलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.