‘लोअर गाडी टायर खाणारच’ हे साफ खोटं आहे

गाडीवेड्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी लोअर केली, म्हणजे उंची कमी करून खाली बसवली, की कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कोन) येतो, म्हणून टायर आतून खाणारच, अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यावर, पैसे घालवू नका, ते पुन्हा बिघडतं, लोअरिंग स्प्रिंगा घेण्याची गरज नाही, आहे त्याच स्प्रिंगचा दीड वेढा कापा, हवा ४० ठेवा म्हणजे आतली कड वाचते, आणि दर ५ हजार किलोमीटरला टायर फिरवत, म्हणजे त्यांच्या जागा बदलत राहा. माझा भाचा हे वाचून स्प्रिंगा कापून घ्यायला निघाला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा मेसेज त्याच्यासारख्या आणखी कितीजणांकडे पोचला असेल कोण जाणे.

सगळ्यात घातक मुद्दा अलाइनमेंटचा, म्हणून तो आधी.

दोष नेहमी कॅम्बरवर येतो, कारण कॅम्बर दिसतो. गाडीसमोर उभं राहिलं की चाक वरून आत झुकलेलं कळतं. टो दिसत नाही. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर फाकलेली, तो टो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर अर्धा अंश टो म्हणजे चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना तो कळणं शक्यच नाही, पण टायरला कळतो. त्रिकोणमितीचं कोष्टक उघडा. अर्ध्या अंशाचं साइन ०.००८७ आहे. म्हणजे गाडी १ किलोमीटर पुढे गेली की ते चाक ८.७ मीटर आडवं घासलं जातं. १० हजार किलोमीटरला हे आडवं घासणं ८७ किलोमीटर भरतं. कुठलाही टायर, कितीही महागाचा असो, हे सोसणार नाही. तोच टो ५ मिनिटांवर, म्हणजे अंशाच्या बाराव्या हिश्शावर आणला, तर ८.७ मीटरचे दीड मीटर होतात. मेसेज ज्याला पैशाची नासाडी म्हणतो, त्या अलाइनमेंटचं काम हेच आहे.

आता लोअर केल्यावर टो का बिघडतो ते बघा. पुढच्या चाकाला खालून लोअर आर्म (खालचा आडवा दांडा) धरतो आणि स्टिअरिंगच्या रॅककडून टाय रॉड येतो. दोघांची लांबी वेगळी, दोघांचे फिरण्याचे बिंदूही वेगळे. बॉडी ३० मिलिमीटर खाली आली की दोघांची बाहेरची टोकं आपापल्या कमानीवर सरकतात, आणि त्या दोन कमानी जुळत नाहीत. बहुतेक गाड्यांत अशा वेळी चाकं बाहेर फाकतात, म्हणजे टो-आउट येतो. टो-आउट टायरची आतली बाजू घासतो आणि कॅम्बरने वजनही आतल्याच कडेवर आणलेलं असतं. दोघं मिळून टायर संपवतात, आणि नाव मात्र एकट्या कॅम्बरचं होतं.

नेमका दोष कुणाचा हे हाताने तपासता येतं. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या टायरची आतली कड बाहेर येईल. तळहात ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर) बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने हात सरळ सरकला आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची धार करवतीच्या दातांसारखी बोचली, तर तो टो. दोन्हीकडून गुळगुळीत लागतंय पण आतली कडच खाली बसलीय, तर कॅम्बर. मग डेप्थ गेजने आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी खोली मोजून लिहून ठेवा. कारच्या टायरची कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण लोअर गाडीत बाहेरून ४ मिलिमीटर दिसत असताना आत तार उघडी पडलेली असू शकते. असला टायर घेऊन समृद्धीवर १२०ने जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच: कॅम्बर खूप झाला, अडीच-तीन अंशांवर गेला, तर टो शून्य करूनही आतली कड लवकर जाते. पण २५-३० मिलिमीटर लोअर केलेल्या साध्या गाडीत कॅम्बर सहसा अर्ध्या ते एका अंशानेच वाढतो. स्ट्रट (शॉकअप-स्प्रिंगचा उभा खांब) नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टने धरलेला असेल तर वरच्या बोल्टच्या जागी कोन बदलता येणारा कॅम्बर बोल्ट घालून तो बराचसा मागे आणता येतो.

आणि ‘पुन्हा बिघडतं’ हेही होतं, फक्त कारण वेगळं आहे. काम अर्धवट झालेलं असतं. लोअर आर्मच्या बुशचं (सांध्यातल्या रबरी भागाचं) रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाकं हवेत लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरल्यावर रबर पिळलेलंच राहतं. ते गाडीला उचलून धरतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसता हाताने लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून बसवायची, आणि मगच ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळायचा. हे न करता अलाइनमेंटच्या मशीनवर गेलात तर प्रिंटवर आलेले आकडे पंधरा दिवसही टिकत नाहीत.

नव्या स्प्रिंगाही बसायला वेळ घेतात. त्यामुळे ज्या दिवशी स्प्रिंगा बदलल्या त्याच दिवशी निदान टो तरी मारून, म्हणजे जुळवून घ्या आणि ५०० किलोमीटर झाल्यावर पूर्ण अलाइनमेंट करा. ‘आधी बसू दे, मग बघू’ म्हणत तेवढे ५०० किलोमीटर टो-आउटवर चालवू नका.

मशीनवर उभं राहून या गोष्टी बघा. आधी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटमध्ये प्ले नाही ना, कारण ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट वाया जातं. हवा थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. मग क्रम: मागची चाकं, पुढचा कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. टो मारताना स्टिअरिंग सरळ लॉक केलेलं हवं. टाय रॉड फिरवल्यावर रॅकचा रबरी बूट पिळला नाही ना ते पाहा आणि लॉकनट आपल्यासमोर आवळून घ्या. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. प्रिंटवर ०.१० आणि ०°१०′ यांत गोंधळ करू नका. पहिलं ६ मिनिटं आहे, दुसरं १० मिनिटं. लोअर गाडीत कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसला तर घाबरू नका, डावी-उजवी बाजू अर्ध्या अंशाच्या आत सारखी आहे का ते बघा. टो मात्र हिरवा आल्याशिवाय गाडी मशीनवरून उतरवू देऊ नका.

मागच्या चाकांचंही सांगतो. स्विफ्ट, पोलो, आय-२० यांना मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम आहे. तिथे लोअर केल्याने कॅम्बर-टो जवळजवळ बदलत नाही. तरी मागचे टायर आतून खात असतील तर बीम वाकलाय का किंवा बेअरिंग गेलंय का ते शोधा. जुन्या सिव्हिकसारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत मात्र कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, तिथे ॲडजस्टेबल आर्म लागतात.

स्प्रिंग कापण्याबद्दल एकदाच, स्पष्ट. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. काम करणाऱ्या ६ वेढ्यांपैकी दीड कापला की उरले साडेचार, म्हणजे स्प्रिंग तेहतीस टक्के जास्त कडक. शॉकअप मात्र जुन्याच, त्या एवढ्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत. चाक रस्त्यावर टपटपतं आणि टायरवर खड्डे-उंचवटे पडतात. ते अलाइनमेंटने जात नाहीत. स्प्रिंगची लांबी कमी झाल्याने चाक पूर्ण खाली लोंबलं की ती आपल्या बसायच्या वाटीतून (सीटमधून) सैल होते. खड्ड्यातून वर येताना ती नीट बसेलच याची खात्री नाही. गॅसकटरने कापली तर त्या भागातलं पोलादाचं पाणी उतरतं आणि ती तिथेच तुटते. डावी-उजवी पाव वेढ्याने कमीजास्त झाली तर गाडी कायम एका अंगाला कलते. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगांचे पैसे नसतील तर गाडी आहे त्या उंचीवर ठेवा.

हवेच्या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. जास्त हवेने टायरची मधली पट्टी झिजते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. आतली कड वाचत नाही, कारण चाकाचा कोन हवेने बदलत नाही.

टायर फिरवणं चांगलंच, पण तो इलाज नाही. टो बिघडलेला असताना टायर फिरवले तर दोनाऐवजी चार टायर खराब होतात, एवढंच. शिवाय साइडवॉलवर फिरण्याचा बाण असेल तर टायर त्याच बाजूला पुढे-मागे करता येतो, डावा-उजवा नाही. ‘आउटसाइड’ लिहिलेला टायर रिमवर उलटा चढवू नका.

आधीच खाल्लेले टायर असतील तर एक लक्षात ठेवा. करवतीसारखे झालेले ठोकळे अचूक अलाइनमेंटनंतरही गुणगुणतात, आणि गाडी थोडी ओढतेही. तेवढ्यावरून मशीनवाल्याला दोष देऊ नका. तार दिसत नसेल तर ते टायर पुढून काढून मागे टाका, पुढे आलेल्या टायरची खोली त्याच तीन जागी मोजून ठेवा, १ हजार किलोमीटर चालवा आणि पुन्हा मोजा. आतला आणि बाहेरचा आकडा सारखाच कमी झाला असेल तर अलाइनमेंट बरोबर आहे.