बघू अजून

आज १० एप्रिल २०२५, महावीर जयंतीची सुट्टी म्हणून घरीच होते. दुपारी एक विद्यार्थी पेढे घेऊन आला. त्याची रेको लेटर्स, म्हणजे शिफारसपत्रं, मीच दिलेली, नऊ ठिकाणी नऊ वेगवेगळे फॉर्म, डिसेंबरातले दोन रविवार त्यात गेले होते, त्यामुळे त्याच्या घरच्यांच्या खालोखाल आनंद मलाच झाला असेल. चार ॲडमिट! अमेरिकेत, बायोलॉजीत, चारही पीएचडी, चारही फंडिंगसकट, आणि तेही यंदाच्या वर्षी. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत सहज विचारलं, मग जाणार कुठे? म्हणाला, "ते ठरलंय मॅडम, मार्चमध्येच ठरलं, प्रोफेसरांशी बोलणंपण झालंय." म्हटलं वा, मग बाकी तिघांना कळवलंस? तर म्हणतो, "१५ पर्यंत टाइम आहे ना मॅडम. बघू."

त्या एका "बघू"ने माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. पोरगा गेला, कपबशा विसळून झाल्या, संध्याकाळचा स्वयंपाक झाला, तरी नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडच्या पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये जातात, जानेवारी ते मार्च उत्तरं येत राहतात. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स म्हणून संस्था आहे, तिच्या ठरावावर ज्या युनिव्हर्सिट्यांनी सह्या केल्यात त्या फंडिंगवाल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्याच अशी सक्ती मुलांवर करू शकत नाहीत. चांगला नियम आहे, पोरांना नीट विचार करायला वेळ मिळावा म्हणून केलेला आहे. पण ज्याचा विचार मार्चमध्येच होऊन गेला त्याने उरलेल्या तीन जागा कशासाठी धरून बसायचं? त्या प्रत्येक जागेच्या मागे वेटलिस्ट असते. वेटलिस्ट म्हणजे कागद नाही हो, कुठेतरी एक मुलगी रात्री दोनला मोबाईल उशाखालून काढून बघत असते.

मला ती मुलगी माहीत आहे. २०१२ साली ती माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची.

औंध रोडला आम्ही चौघी एका वन बीएचकेत राहायचो, मी, वैशू, प्राजक्ता, नीलम. चौघीही लॅबमध्ये प्रोजेक्टवर, तेव्हा जेआरएफ, म्हणजे रिसर्च करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, महिना १६,००० होतं आणि आम्हाला तेवढंही मिळत नव्हतं. डॉलर पन्नाशीच्या वर गेलेला. एकेका अर्जाची फी ७५ डॉलर वगैरे, त्यात जीआरई, टोफेल या परीक्षा, वर ट्रान्सक्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर खेटे. एक लॅपटॉप चौघींत, नीलमचा, आणि एक डोंगल जो फक्त खिडकीच्या गजाला टेकवला की चालायचा. मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात, त्यामुळे ईस्ट कोस्टची ऑफिसं आपल्या संध्याकाळी साडेसहाला उघडायची आणि रात्री अडीचला बंद व्हायची. आमचा दिवस तिथून सुरू व्हायचा. लॅबमधून आलो की खिचडी कुकरला आणि लॅपटॉप खिडकीत. "युअर ॲप्लिकेशन स्टेटस हॅज बीन अपडेटेड" असा मेल यायचा, त्यात उत्तर नसायचंच, पोर्टलला लॉगइन करा म्हणायचे, आणि हात एवढे थरथरायचे की पासवर्ड दोनदा चुकायचा.

आमचा एक नियम होता. जिला रिजेक्ट येईल तिने त्या रात्री भांडी घासायची नाहीत. जिला ॲडमिट येईल तिने सगळ्यांना मस्तानी. फेब्रुवारीत आमच्याकडे भांड्यांवरून रोज अदलाबदल चालायची, मस्तानी मात्र पहिली मार्चमध्ये प्यायलो, ती माझी. दुसरीपण माझीच.

लोक म्हणतात स्पर्धा असते, एकमेकींवर जळत असाल. असेलही थोडं, नाही म्हणत नाही. पण एकमेकींचे एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे "मला हे का शिकायचंय" छाप निबंध, आम्हीच तपासलेले, वैशूच्या एसओपीतलं पहिलं वाक्य माझं आणि माझ्यातला शेवटचा पॅरा तिचा. जगात त्या चार महिन्यांत मला काय होतंय हे फक्त त्या तिघींना कळत होतं. आईला कळत नव्हतं, ती आपली रोज फोनवर "लागला का गं निकाल" विचारायची, जणू दहावीचाच. आज माझ्या लॅबमधली पोरं तशीच एकमेकांच्या आधाराने बसलेली असतात, कॅन्टीनमध्ये एकाचा फोन वाजला की पाच जण माना वर करतात, आणि त्याच पोरांना हे शिकवायचं राहून जातंय की तुझं ठरलं की मागच्याला वाट दे. हे सांगावं का लागतं? रांगेत आपलं काम झालं की खिडकी सोडतो ना आपण?

आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं. आयआयटीच्या एमटेकला कोॲप म्हणून ऑफरचं कॉमन पोर्टल आहे, त्यावर बटणंच तीन, ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट, आणि राउंड संपायच्या आत एक दाबायला लागतं. आपली सिस्टिम कितीही शिव्या घालण्यासारखी असो, इथे निदान कुणीतरी कॉलर धरून विचारतं की बाबा तुझं काय ठरलं. तिकडे सगळं मुलांच्या समजुतीवर सोडलंय.

आणि युनिव्हर्सिट्यापण काही कमी नाहीत. काही ठिकाणी रिजेक्टचा मेलसुद्धा एप्रिल सरला तरी येत नाही, फी मात्र अर्जाच्या दिवशीच कापलेली. दोन ओळींचा नकार पाठवायला किती कष्ट पडतात? नऊ ठिकाणी फी भरलेल्या पोराला नऊ उत्तरं मिळायला नकोत?

असो. वैशू.

मला दोन ऑफर होत्या. त्यातल्या दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये वैशू वेटलिस्टवर होती. एकाच खोलीत मेल वाचलेले, त्यामुळे ते दोघींनाही माहीत होतं. पहिल्या ठिकाणच्या प्रोफेसरांशी माझं ५ एप्रिलला स्काईपवर बोलणं झालं, पाऊण तास, आणि लॅपटॉप बंद करतानाच मला कळलं की मी इथेच जाणार. दुसरीकडे नाही म्हणायला पोर्टलवर दोन मिनिटं लागली असती. मी नऊ दिवस लावले.

का? याचं धड उत्तर आजही माझ्याकडे नाही. दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव मोठं होतं. कराडला अण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीचं दोन दोन ठिकाणी झालंय म्हणून, त्यातलं एक आपल्या हाताने पुसायचं माझ्या जिवावर आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "आम्हाला तुम्ही हव्या आहात" असं लिहिलं होतं, तो मेल मी रोज उघडून वाचायचे. आणि मनात तेच, १५ पर्यंत टाइम आहे.

११ एप्रिलला रात्री दिवे घालवून आम्ही पडलो होतो. पंखा कटकट करत होता. वैशू म्हणाली, "तुझं काय ठरलं गं?" तिने त्या नऊ दिवसांत एकदाच विचारलं, तेवढंच, तेही माझ्याकडे न बघता. आणि मी म्हणाले, "बघू अजून."

ती "हं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

ठरलेलं असताना "बघू अजून" म्हणाले मी. म्हणून आज दुपारी त्या पोराच्या तोंडून तोच शब्द आला तेव्हा माझ्या हातातलं साखरेचं भांडं तसंच राहिलं. त्याच्यावर मी जरा जास्तच चिडले हे कबूल करते. त्याच्यामागे कोण उभं आहे हे त्याला माहीत नाही, तो चेहरा त्याने पाहिलेला नाही. मी पाहिला होता. रोज सकाळी ती माझ्या आधी उठून पाणी भरायची.

१४ ला भीमजयंती, औंध रोडला दिवसभर मिरवणुका, निळे झेंडे, ढोल, प्राजक्ता आणि नीलम खाली बघायला गेलेल्या. त्या आवाजात रात्री अकराला मी शेवटी ते बटण दाबलं. मला वाटलं अजून एक दिवस हातात आहे. तेव्हा कॅलेंडर बघायचं सुचलं नाही. त्या वर्षी १५ एप्रिल रविवारी आला होता. १४ ला शनिवार, तिकडची ऑफिसं शुक्रवारी संध्याकाळीच बंद झालेली. मी रिकामी केलेली जागा दोन दिवस कुणी बघितलीसुद्धा नसेल.

सोमवारी संध्याकाळी पावणेसातला वैशूला मेल आला. यंदाच्या जागा भरल्या, शुभेच्छा. तिने तो गॅसजवळ उभं राहून वाचला, लॅपटॉप नीलमच्या हातात दिला, "झालं" म्हणाली, आणि सिंककडे जाऊन नळ सोडला. नीलम म्हणाली अगं आज तुझी नाहीत. ती काही बोलली नाही. सगळी घासली, कुकरपण, तवापण, कोरडी भांडी फडताळात होती तीसुद्धा काढून घासली. मी तिच्या मागे ओट्याला टेकून उभी होते आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच म्हणून आधीच सांगते. हो, वेटलिस्ट अशी एकास एक सरकत नाही, कोणत्या विषयाचा विद्यार्थी हवाय ते बघतात, आणि काही जण नाही म्हणणार हे धरूनच जास्त ऑफर देतात. माझी जागा तिलाच गेली असती असं नाही. माहितीये मला. तेरा वर्षं हेच स्वतःला सांगतेय.

आणि "बघ, तिचं काही अडलं का" हे तर मला बोलूच नका. वैशू हैदराबादला आहे, औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली, आता मोठ्या पोस्टवर आहे, दोन मुलं, स्वतःचं घर. छान चाललंय तिचं. पण तिला प्रोटीन फोल्डिंगवर काम करायचं होतं, चादरीवर पेनने आकृत्या काढून आम्हाला समजवायची, चादरीचे डाग गेले नाहीत म्हणून घरमालकिणीने डिपॉझिटमधून पैसे कापले होते. पुढच्या वर्षी परत अर्ज करायला तिच्याकडे पैसे नव्हते आणि घरी धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला गेलेला. अडलं नाही म्हणे!

यंदा तर हे सगळं आणखी जास्त लागतं मनाला. फेब्रुवारीत तिकडच्या एनआयएचने, म्हणजे आरोग्याच्या रिसर्चला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, रिसर्च ग्रँटवरचा ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, ऑफिस अशा खर्चासाठी युनिव्हर्सिटीला मिळणारे वरचे पैसे, सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टाने ते अडवलंय, पण तोवर कितीतरी डिपार्टमेंटांनी घाबरून पीएचडीच्या जागा कमी करून टाकल्या, काही ठिकाणी तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. म्हणून एखादा म्हणेल की हातात दुसरी असू दे, उद्या पहिलीनेच हात वर केले तर? बरं, मान्य. यंदा तरी मान्य. ठेव एक जास्तीची, १५ च्या सकाळपर्यंत ठेव. पण चार? जिथे जायचं नाही हे महिन्याभरापूर्वी ठरलं त्या चौथ्या ठिकाणाला कशाला लटकवून ठेवायचं? फक्त प्रोफाईलवर "४ ॲडमिट्स" लिहिता यावं म्हणून?

रागावले परत. तो पोरगा वाईट नाही हो. फी त्याने स्वतः ट्यूशन घेऊन जमवलेली, पहिले तीन रिजेक्ट आले तेव्हा लॅबमध्ये येऊन नुसता बसून राहायचा, मी त्याला पिपेट टिप्स रॅकमध्ये भरायला द्यायचे, म्हणजे हाताला काहीतरी काम. ज्याने इतकी वाट बघितली त्याला ते "हवे आहात"वालं पत्र टाकवत नाही, हे मला कळतं. इतरांपेक्षा मलाच जास्त कळतं.

हे सगळं इथे लिहायच्या आधी आठ वाजता मी वैशूला फोन केला, कारण ती माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे आणि तिला हे फेसबुकवरून कळणं बरं नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ५ ला ठरलं होतं, तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "त्या वर्षी पंधरा तारीख रविवारी आली होती, ना?"

मी हो म्हणाले. म्हणाली, "लेकीला जेवायला वाढायचंय, करते नंतर." अजून केलेला नाही, आणि तिने करावाच असा माझा काही हक्क नाही.

त्या पोराला मग मी भलामोठा मेसेज टाकला. चिडून नाही, नीट. दोन ठेव, दोन सोड, आजच सोड, कारण १५ ला मंगळवार असला तरी मध्ये शनिवार-रविवार आहे, आणि ज्याला ती जागा मिळेल त्यालापण विचार करायला, घरी बोलायला दोन दिवस लागतील. साडेदहाला ब्लू टिक आली. उत्तर नाही.

आत्ता अकरा चाळीस झालेत. म्हणजे तिकडे दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. अजून जवळजवळ तीन तास ऑफिस उघडं आहे.